खिरोनच्या नावातली उभी रेघ

अथेन्स, कुंभारवाडा
मुनिखिओन महिना, चंद्र वाढता

मिर्तिलोस मामा,

पाटीवरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. इतक्या वर्षांनी लिहितेय ती काही तुझी खुशाली विचारायला नाही. कामाचं बोलायचंय, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही म्हणून तुझ्याशी.

काल आपल्या अंगणात थेसालीचा एक माणूस येऊन उभा राहिला. अगेलाओस नाव त्याचं. पेलिओन डोंगराच्या पायथ्याला घोडे पाळणाऱ्या कुणा बड्या माणसाचा तो कारभारी. मालकाच्या मुलीचं हिवाळ्यात लग्न आहे आणि त्यासाठी दारूत पाणी कालवायचा रांजण हवाय. साधासुधा नाही. तो हात पसरत गेला, पसरत गेला, आणि माझा नवरा तिमान्द्रोस चाकावरचा हात थांबवून नुसता बघत राहिला. एवढा रांजण आपल्याकडे तुझ्या वेळीही एकदाच झाला होता.

चित्रं काय हवीत ते ऐक. पुढच्या बाजूला लापिथ वीरांची आणि घोडमाणसांची लढाई, तीच, घोडमाणसांनी लग्नात पिऊन नवरीवर हात टाकल्यावर झालेली. मागच्या बाजूला पेलेउस आपलं तान्हं पोर, अखिलेउस, त्या शहाण्या घोडमाणसाच्या, खिरोनच्या हवाली करतोय ते. तिमान्द्रोसनं विचारलं, "लग्नाला मारामारीचं चित्र कशाला?" तर तो गडी म्हणतो, "आमच्याकडं मारामारी झाल्याबिगर लग्न कुणाच्या ध्यानात राहत नाही. आणि लापिथ म्हंजे आमचे वाडवडीलच की."

मामा, मी रात्रभर झोपले नाही. आनंदानंच. डोळे मिटले की मला खुरं दिसत होती. उखडलेली पाइनची झाडं, उलटलेली मेजं, एकाच्या दाढीत दुसऱ्याची मूठ. आणि सगळ्यांच्या मधे काइनेउस. शस्त्र अंगाला लागतच नाही म्हणून घोडमाणसांनी ज्याला झाडांनी आणि दगडांनी खुंटासारखा जमिनीत ठोकला, तो. तू लहानपणी मला त्याच्याच नावानं हाक मारायचास. म्हणायचास, तोही आधी पोरगीच होता, आणि ठोकला तरी मोडला नाही, तुझ्यासारखाच.

तर विचारायचंय ते एवढंच. कमरेपर्यंत जमिनीत गेलेला माणूस तू कसा काढायचास? माझा नुसता बुटका दिसतोय. आणि एवढा रांजण भाजताना भट्टीचं तोंड कधी बंद करायचं? मागच्या वर्षी याच्या निम्म्या आकाराचा एक ठेवला होता, तो बुडापासून तडकला.

ये, असं मी म्हणत नाहीये. समुद्रापलीकडे तारासमध्ये तुझं बस्तान बसलंय ते मला माहीत आहे. फक्त लिही. गोर्गोस कप्तान ही पाटी तुझ्या हातात देईल आणि उत्तर आणेल.

लिसिल्ला

अथेन्स, कुंभारवाडा
थार्गेलिओन महिना, चंद्र उतरता

मामा,

तुझं खापर मिळालं. गोर्गोसनं ते बंदरातून असं जपून आणलं की मला वाटलं, काइनेउसचं चित्रच काढून पाठवलंस. उलटून पाहिलं तर एक ओळ. "सरसानं उण्याला काय विचारायचं?"

म्हणजे काय? सरस कोण आणि उणा कोण? मी तिमान्द्रोसला दाखवलं. तो म्हणाला, "म्हातारा झालाय, सोड." मी गोर्गोसला विचारलं की मामा देताना काही बोलला का. तो म्हणाला, "खापर दिलं आणि पाठ फिरवली. पाठ मात्र अजून ताठ आहे."

ताठ आहे ना, मग राहू दे तशीच. पण मलाही बोलता येतं. आईबाप गेल्यावर तू मला या अंगणात आणलंस. बाकीच्या मुली सूत कातायला शिकत होत्या तेव्हा तू माझ्या हातात कुंचला दिलास, शेजारणी काय म्हणतील त्याची पर्वा न करता. आणि मग एक दिवस नुसता उठून गेलास. कारागिरांच्या खाल्केइआ सणाच्या दुसऱ्या दिवशी, थंडीसाठी समुद्र बंद झालेला असताना, जहाजाची वाटही न बघता पायी कोरिंथला. सकाळी मी तुझ्यासाठी जवाची पेज घेऊन आले तर खोली झाडलेली आणि कुंचले धुऊन उभे ठेवलेले. अंगणातल्या बायकांना मी सांगितलं की मामाला तारासच्या लोकांनी बोलावून घेतलंय, तिकडची माती लोण्यासारखी आहे. सांगून सांगून मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. मला तुझा राग आला होता, मामा, आणि अजून येतो. एवढं तुला कळलेलं असावं.

त्या सणाला मी तुला पेला दिला होता. माझ्या हातचा, दोन कानांचा, आत खिरोन काढलेला. त्यात तरी पितोस का, की तोही कुठे कोपऱ्यात पडलाय?

जाऊ दे. काइनेउसचं जमलं. तुझ्या मदतीशिवाय जमलं, हे मुद्दाम लिहिते. मी अंगणात खड्डा खणून तिमान्द्रोसला कमरेपर्यंत त्यात उभा केला. पहिल्यांदा हसला, मग घाबरला, आणि घाबरल्यावर त्याचे खांदे आपोआप वर गेले, हात मोकळी जागा शोधायला लागले. तेच हवं होतं. माझा बुटका त्याचे खांदे खाली ठेवून उभा होता म्हणून बुटका होता. आता एक घोडमाणूस डावीकडून खडक घालतोय, दुसरा उजवीकडून अख्खं झाड, आणि हा मधे जमिनीत जातोय, पण तलवार खाली ठेवत नाहीये. अगेलाओस बघायला आला होता. रांजणाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ह्याला कुणीतरी वर काढा की."

तू बघायला हवं होतंस. एवढंच म्हणते.

लिसिल्ला

अथेन्स, कुंभारवाडा
स्किरोफोरिओन महिना, चंद्र वाढता

मामा, मामा, मामा,

बसून वाच. नाही, उभ्यानं वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. गोर्गोसला मी शपथ घातली आहे की तू वाचून संपवेपर्यंत त्यानं तुझ्या दारातून हलायचं नाही.

परवा त्यानं गवतात गुंडाळलेला पेला आणून माझ्या पुढ्यात ठेवला. "म्हाताऱ्यानं सांगितलंय, जिचा आहे तिला परत." खोटं कशाला सांगू, मी गवतही सोडलं नाही. फळीवर ठेवला आणि मातीच्या चाळणीपाशी जाऊन रडले. तिमान्द्रोस मागून येऊन म्हणाला, "आता तरी त्याचा नाद सोड." मी हो म्हटलं. खरंच म्हटलं.

आज सकाळी अगेलाओस आला. मागच्या बाजूचा खिरोन कसा काढणार, हे त्याला आधी बघायचं होतं. तिकडच्या लोकांना खिरोन म्हणजे घरचा माणूस. त्यांच्या डोंगरावर त्याची गुहा आहे, ताप आला की अजून तिथे जाऊन पाला आणतात. मी त्याला तुझंच सांगितलं, की बाकीची घोडमाणसं म्हणजे घोड्याला जोडलेली माणसं, खिरोन म्हणजे माणसाला मागून जोडलेला घोडा, म्हणून त्याचे पुढचे पाय माणसाचे आणि अंगावर माणसासारखा कपडा. तो खूश झाला. म्हणाला, "अगोदर कधी काढला असशील तर दाव." मी विचार न करता फळीकडे बोट केलं.

त्यानं गवत सोडलं, पेला उजेडात नेला. चित्र आवडलं त्याला. दाढी बघितली, खांद्यावरची पाइनची फांदी बघितली, तिला टांगलेले ससे बघितले. मग नाव वाचायला लागला, त्याच्या पद्धतीनं, एकेक अक्षर मोठ्यांदा बोलत. आणि थांबला. चेहरा असा झाला की मला वाटलं पेल्याला तडा दिसला.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या अथेन्सात आमच्या खिरोनाला उणा म्हणतात व्हय?"

मी म्हटलं, "काय?"

"ह्ये काय लिवलंय मग? खेरोन. उणा. कमअस्सल. पेलिओनावर असं लिवलं असतंस तर दगडं बसली असती."

मी पेला त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. मामा, तिथे खरंच तेच लिहिलेलं होतं.

आता ऐक. मी लिहिलं होतं खिरोन. दुसरं अक्षर, इकाराचं, म्हणजे एक उभी रेघ, बस. पण मी नाव आधी लिहिलं आणि फांदी नंतर काढली. तू जन्मभर ओरडत राहिलास, आधी फांदी, मग नाव, आधी फांदी, मग नाव. पण त्या दिवशी मला नाव लिहायची इतकी घाई झाली होती की काय सांगू. मग फांदीच्या काड्या काढल्या, त्याच तांबड्या गेरूनं, त्याच काळ्यावर. आणि त्यातल्या तीन काड्या, बारीक, आडव्या, एकीखाली एक, बरोबर त्या उभ्या रेघेला येऊन चिकटल्या. रेघेचं दुसरंच अक्षर झालं, एकाराचं. खिरोनचा खेरोन झाला. मी पुसून पुसून पाहिलं. भाजलेलं कुठे पुसलं जातं. डोळ्याजवळ नेऊन तिरपं धरलं तर कळतं, काड्यांची टोकं रेघेवर चढलेली आहेत, रेघ खाली आहे आणि काड्या वर. अक्षर लिहिताना असं कुणी लिहीत नाही.

मग तुझं खापर आठवलं. सरसानं उण्याला काय विचारायचं. आणि मी खालीच बसले. अगेलाओसला वाटलं त्याच्या दगडांच्या बोलण्यानं घाबरले. तो बिचारा म्हणायला लागला, "अगं नाही मारत कोणी दगड." मी हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम, आणि तिमान्द्रोस हातभर मातीनिशी धावत आला.

त्या उन्हाळ्यात तुझा हात थरथरायला लागला होता. तू कुणाला सांगितलं नाहीस. मला दिसत होतं. तुझ्या वीरांच्या पापण्या आणि ओठ मी मागाहून सारखे करायची, तू जेवायला गेलास की. तुला कळू नये म्हणून. तुला कळत होतं, नाही का? आणि त्याच वेळी बंदरावरचे लोक यायचे आणि म्हणायचे, भाचीचं काम दाखवा. मग सणाच्या दिवशी भाचीनं म्हाताऱ्या गुरूचं चित्र दिलं, तुझीच दाढी, तुझीच वाकडी भुवई, मांडीवर तुझाच ठिगळ लावलेला कपडा. आणि वर लिहिलेलं उणा. पिता पिता तळाशी ते दिसलं असेल तुला. सगळे बसलेले होते, गाणी चालली होती, आणि तू पेला पालथा घालून म्हणालास, थकलोय, झोपतो. मला सगळं आठवतंय. मला वाटलं होतं की दारू आंबट निघाली.

एकदा विचारायचं होतंस, मामा. शिवी द्यायची होतीस, पेला डोक्यात घालायचा होतास. मी खिरोन काढला कारण आईबाप नसलेल्या पोरांना त्यानं वाढवलं आणि जे येत होतं ते सगळं शिकवलं. ते मला तोंडानं सांगता येत नव्हतं. म्हणून काढलं.

आता माझी अट. पेला मी परत पाठवणार नाही. वाटेत फुटेल आणि मग तू म्हणशील, लिसिल्ला थापा मारते. बघायचा असेल तर ये आणि आपल्या डोळ्यांनी बघ. गोर्गोस परतीला निघेल तेव्हा त्याच्या जहाजात बस. रांजणावरची नावं मी लिहिणार नाही. फांदी काढते, नावं तुझ्यासाठी ठेवते. आणि भट्टी तू पेटवल्याशिवाय पेटणार नाही.

तुझी काइनेउस

अथेन्स, कुंभारवाडा
मेतागेइत्निओन महिना, चंद्र उतरता

मामा,

ही पाटी कुणाबरोबर पाठवू? गोर्गोस तुझ्याकडेच गेलाय. तरी लिहिते, कारण घरात आता माझं कुणी ऐकत नाही.

रांजण रंगवून झाला. सांगू किती चांगला झालाय? नाही सांगत, दृष्ट लागेल. भट्टीच्या तोंडावर मी नवा राक्षसाचा मुखवटा बसवलाय, भूतंखेतं आत शिरू नयेत म्हणून. त्याचं नाक तुझ्यासारखं झालंय, तो काही माझा दोष नाही. लाकूड रचून ठेवलंय, धुरासाठी ओलं सरपण वेगळं. रांजण फळीवर वाळून बसलाय आणि पाठीमागच्या बाजूला खिरोन, पेलेउस आणि ते तान्हं पोर, तिघंही बिननावाचे उभे आहेत.

अगेलाओस रोज येतो. आज म्हणाला, "बाई, डोंगरात बर्फ पडायच्या आत मला हा घेऊन जायचाय. तुझा मामा येणार की नाही?"

मी म्हटलं, "येणार."

"आणि नाही आला तर?"

तिमान्द्रोसनं मधेच सांगून टाकलं की पौर्णिमेपर्यंत वाट बघू, नाहीतर आम्हीच पेटवू. त्याचंही बरोबर आहे, दिलेला शब्द आहे. पण मी पेटवली आणि तडकला तर रांजण जाईल, आणि नाही तडकला तर तू नसताना झालेला असेल. मला दोन्ही नकोय. तुझी पाठ वाकू दे, मामा, थोडीशी. जहाजात चढायला पुरेल एवढीच.

बंदरावर पिवळ्या ठिगळाचं शीड दिसलं म्हणून ओरड झाली आहे. गोर्गोसच्या शिडाला पिवळं ठिगळ आहे. पाटी इथेच ठेवते.

तुझ्या खोलीच्या दारात, खापरावर
बोएद्रोमिओन महिना, सकाळ

मामा,

तू घोरतोयस म्हणून उठवत नाही. दोन दिवस भट्टीपाशी बसलास, आता झोप. पण हे तुझ्या पायात येईल असं ठेवते, कारण मला गप्प बसवत नाही.

बंदरावर उतरलास आणि आधी मी सोबत आणलेला पेला मागितलास. तिथेच, खारवलेल्या माशांच्या टोपल्यांमधे, सगळे हमाल बघत असताना, उन्हात तिरपा धरून कितीतरी वेळ बघत बसलास. नख काडीवरून फिरवलंस, मग रेघेवरून. आणि म्हणालास काय तर, "आधी फांदी, मग नाव. किती वेळा सांगितलं होतं." आणि पेला कुशीत घालून चालायला लागलास. मी मागून रडत येत होते आणि तू वळून म्हणालास, "ओरडू नकोस, चुकलं ते चुकलंच." मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

नावं लिहिताना मला अंगणाबाहेर पाठवलंस. हात थरथरतो तो बघू नये म्हणून, असं मला वाटलं. मी मान दिला, डोकावले नाही. रांजण भट्टीत ठेवतानाही पाठची बाजू भिंतीकडे करून तूच ठेवलास. मला वाटलं, तुझं काहीतरी शास्त्र असेल.

आता पहाटे भट्टी गार झाली आणि तिमान्द्रोसनं आणि मी मिळून रांजण बाहेर काढला. कुठे तडा नाही. काळा असा चकचकीत की माझा चेहरा दिसतोय, तांबडा पिकल्या डाळिंबासारखा. काइनेउस जमिनीत जातोय आणि जात नाहीये. मी नाचले, तिमान्द्रोसला चिकटले, त्याला काळं केलं. मग पाठची बाजू फिरवली.

खिरोनच्या डोक्यावर खिरोन. उभी रेघ स्वच्छ, फांदी हातभर लांब. पेलेउसच्या वर पेलेउस. आणि त्याच्या हातातल्या पोराच्या वर, जिथे अखिलेउस असायला हवं तिथे, वाकड्यातिकड्या, थरथरणाऱ्या अक्षरांत, लिहिलंयस, सरस.

मामा, अगेलाओस दुपारी येतोय. तो एकेक अक्षर मोठ्यांदा वाचणार आणि विचारणार की हे कोण. सांगेन काहीतरी. पेलिओनवर गोंधळ झाला तर होऊ दे, भाजलेलं कुठे पुसलं जातं.

ऊठ आता. जवाची पेज गार होतेय, आणि तो शब्द मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचाय.